खुर्चीतून दिसेल तेवढंच

९ नोव्हेंबर, रविवार. पुस्तकांच्या कपाटाला स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, मारायचा आहे आणि तो किती आणायचा ते सकाळपासून ठरवते आहे. कपाट पाइनचं आहे. पाइन म्हणजे आमच्या लहानपणी ज्याला खोक्याचं देवदार म्हणत साधारण तेच. तेव्हा गोदीत माल उतरला की त्याची खोकी मोडून फेकून देत, आता त्याच लाकडावर दिवे सोडून ते काचेच्या दुकानात मांडतात. मी टेप घेऊन फळ्या मोजल्या, वरची बाजू, खालची बाजू, कडा, पाठ, सगळं मिळवलं, दोन हातांसाठी दुप्पट केलं आणि कोरं लाकूड पितं म्हणून वर थोडं धरलं. मुलीने पुण्याहून एक अ‍ॅप पाठवलं. त्यात लांबी-रुंदी घातली की लिटर येतात. अ‍ॅपचा आकडा माझ्यापेक्षा बराच कमी आला, म्हणून शोधलं, तर त्याने कपाटाची पाठ धरलीच नव्हती. पाठ भिंतीकडे असते, तिकडे कोण बघतो, असं त्या अ‍ॅपला कोणीतरी शिकवलेलं दिसतं. मला आमचे अण्णा आठवले.

तेवढ्यात बोरिवलीहून वहिनीचा फोन आला. काय चाललंय विचारलं, मी सांगितलं. "आधी आतून घे," ती म्हणाली आणि लगेच मटारच्या भावावर गेली. हे वाक्य ती भिंतींच्या रंगाला, कपाटाला, एकदा तर लोणच्याच्या बरणीलाही म्हणाली आहे. ते कुठून आलं हे मी लिहून ठेवते, कारण आमच्या घरात ही गोष्ट प्रत्येक जण आपापल्या सोयीने सांगतो, आणि दादाच्या सांगण्यात तर तो स्वतः फार शूर असतो.

लालबागला चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली होती. पुढे गॅलरी, मागे ओटा आणि मोरी, मधल्या जागेत अण्णा, आई, दादा आणि मी. खोली लांबट होती, त्यामुळे दारात उभं राहिलं की ओट्यावरची कढई, मोरीतली बादली आणि त्या दोघांच्या मधे चाललेला आमचा संसार एका नजरेत दिसायचा. खाली थोड्या अंतरावर मसाल्याची गल्ली. मार्च उजाडला की तिथले डंख सुरू व्हायचे, म्हणजे मिरच्या कुटायची यंत्रं. त्यांचा धपधप आवाज सकाळी दात घासताना सुरू व्हायचा आणि दिवेलागणीला थांबायचा. वारा आमच्या बाजूला असला की आख्खा मजला शिंकायचा. बाहेरचं कोणी आलं तर डोळे पुसत बसायचं, आणि आई म्हणायची, कुठे काय, आम्हाला तर काही जाणवत नाही, आणि मग स्वतःच शिंकायची.

अण्णा गिरणीच्या स्टोअरमध्ये होते. खात्यांतून मागणीची चिठ्ठी यायची, पट्टे, तेल, झाडू, साबण, आणि अण्णा त्या मागणीला कात्री लावायचे. त्यांचं तत्त्व साधं होतं. माणूस नेहमी लागतं त्याच्या दुप्पट मागतो, तेव्हा अर्धं दिलं की बरोबर होतं. आयुष्यभर त्यांनी अर्धं दिलं आणि गिरणी चालली, म्हणजे तत्त्व खरं. खात्यातले लोक अण्णा अर्धं देतात म्हणूनच दुप्पट मागतात, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांनी त्यातलं अर्धंच ऐकलं असतं. घरातही तोच कारभार होता. आईला दोन नारळ हवे असले की ती चार म्हणायची. मला एक वही हवी असली की मी दोन सांगायचे. दादा चप्पल तुटायच्या सहा महिने आधीपासून तुटली म्हणायचा. आमच्या घरात खरा आकडा कोणी कधी उच्चारत नसे, आणि त्यामुळे घर अगदी व्यवस्थित चालत होतं.

दादा फोर्टला एका ऑफिसात कारकून होता. दिसायला बरा, नोकरी पक्की, व्यसन काही नाही, तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. निरोप प्रत्येक वेळी तोच यायचा: मुलगा चांगला आहे हो, पण जागा. हा 'पण' ऐकून दादा हळूहळू खांदे पाडून चालायला लागला होता. जेवायला बसला की तो भिंतीकडे तोंड करून बसायचा, जणू भिंतीचा अपराध होता. मग आत्याने शैलाचं स्थळ आणलं. आत्या म्हणजे अण्णांची मोठी बहीण, घोडपदेवला राहायची, आणि अण्णांना आयुष्यात कोणाची भीती वाटली असेल तर तिची. शैला दादरची, एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर, आई-वडील नव्हते, मावशीने वाढवलेली. आत्याच्या घरी दादा आणि ती एकदा चहाला भेटले. परत आल्यावर दादाने स्वतःहून बुटांना पॉलिश केलं आणि आईला विचारलं की आपल्याकडे कपबशा एकसारख्या का नाहीत. आई काय ते समजली.

चार दिवसांनी निरोप आला. मुलाबद्दल काही म्हणणं नाही, पण शैला स्वतः येऊन जागा बघणार. मुलीचे वडील येतात, काका येतात, मामा येतो, हे मजल्याला ठाऊक होतं. मुलगी स्वतः जागा बघायला येणार म्हटल्यावर गॅलरीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. आईलाही ते लागलं. आम्ही काय खोली भाड्याने देतोय का, असं ती आत्याला म्हणाली. आत्या सुपारी कातरत होती, तिने मान वर केली नाही.

"जन्माचा बिऱ्हाड करूचा हा तिका," ती म्हणाली. "बघल्याशिवाय कशी येतली?"

आता बघायला येणार म्हणजे दाखवायला काहीतरी हवं. अण्णांनी खोलीत एका बाजूला, लांबीला धरून, पार्टिशन घालायचं ठरवलं, ओटा आणि मोरी बाहेरच ठेवून. पार्टिशन घातलं की एका खोलीच्या दोन होतात, आणि निरोपातला 'पण' निघतो. लाकूड त्यांनी हिंडून जमवलं. गिरगावात फणसवाडीत एक घर पाडत होते, तिथून खिडक्यांच्या जुन्या झडपा आणल्या, सागवानी, आडव्या पट्ट्यापट्ट्यांच्या. बाकी सगळं खोक्याचं देवदार. सुताराने ते उभं केलं: खाली देवदारच्या फळ्या, वर झडपा, एका टोकाला दार. दुरून बघितलं तर आगबोटीचा एखादा भाग चुकून आमच्या घरात आल्यासारखा दिसायचा. फळ्यांवर कुठे कुठे परदेशी अक्षरं छापलेली होती, एकीवर छत्रीचं चित्र होतं. सुतार म्हणाला, यावर स्टेन मारा, मग सगळं एकजीव सागवान दिसेल. किती लागेल विचारलं तर म्हणाला, लाकूड पिईल तेवढं. आणि शिमग्याला म्हणून गावी गेला तो आंबे संपेपर्यंत आला नाही.

माझी बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. आमच्या घरात परीक्षा संपलेली मुलगी म्हणजे फुकटचा गडी, तेव्हा स्टेन मी मारणार हे कोणी ठरवावं लागलं नाही. दादाचं ठरेपर्यंत पार्टिशनच्या आत माझी खाट टाकली होती. देवदारची फळी माझ्या उशीला लागून. रंधा नुसता दाखवून पुढे नेलेली, कुसळांनी भरलेली. तिसऱ्या का चौथ्या दिवशी झोपेत हात घासला आणि दंडात कुसळ गेलं. सकाळी आईला दाखवलं. फळीपासून लांब झोप, आई म्हणाली, आणि पोळी उलटली. मीही ते बरोबर धरलं. खाट अरुंद होती आणि लांब झोपलं की खाली पडायला व्हायचं, पण तो माझा प्रश्न होता.

रविवारी अण्णा टेप, पेन्सिल आणि एका जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ घेऊन बसले. मोजमाप त्यांनी मनापासून केलं, तेवढं श्रेय त्यांना देते. लांबी गुणिले उंची, दोन्ही बाजू, दार वेगळं. उत्तर आलं दोन लिटर. त्यात दोन चुका होत्या. झडपा त्यांनी सपाट धरल्या होत्या. पट्ट्यांच्या झडपेला प्रत्येक पट्टीच्या दोन बाजू असतात, दोन कडा असतात, मधल्या खाचा असतात. मोजायला ती एक झडप, रंगवायला तीन. आणि डब्यावर जे लिहिलेलं असतं, एका लिटरमध्ये इतके चौरस फूट, ते घासून गुळगुळीत केलेल्या लाकडाचं असतं. देवदार कोरडं पडलं की दुष्काळातल्या जमिनीसारखं ओढून घेतं. पण या दोन चुका कोणाकडूनही होतात, आजच्या अ‍ॅपकडूनही झाल्या. तिसरी चूक फक्त आमच्या घरात होऊ शकली असती. कागदावर 'दोन लिटर' लिहून झाल्यावर अण्णा त्याकडे थोडा वेळ बघत बसले. मग त्यांनी आयुष्यभराच्या सवयीने ते खोडलं आणि बाजूला लिहिलं, 'एक'. स्वतःचीच मागणी होती, दुप्पट करून मागणारं कोणी नव्हतं, तरी कात्री लागली.

आत्या त्या दिवशी घरीच होती. तिने हे पाहिलं.

"बाबल्या," ती अण्णांना म्हणाली, "सोताच्या घराक पण कात्री लावतंस?"

अण्णा म्हणाले, नेहमी उरतंच, तुला स्टोअरचं काय कळतंय. आणि दुकानात जाऊन वॉलनटचा एक लिटरचा डबा घेऊन आले. वॉलनट म्हणजे अक्रोड. अक्रोडाचं झाड त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, पण दुकानदाराने सांगितलं की मोठ्या लोकांकडे हाच असतो. सागवानासारखं दिसावं म्हणून सुतार स्टेन मारायला सांगून गेला होता, आणि आम्ही सागवानालाही अक्रोड बनवायला निघालो होतो.

मी सोमवारी सुरुवात केली, बाहेरच्या बाजूने, वरून, झडपांपासून. हातात फडकं, नाकाला ओढणी. दुपारपर्यंत अर्धा डबा संपला आणि जेमतेम दोन झडपा झाल्या. तेवढ्यात गल्लीकडून वारा फिरला. ओल्या स्टेनवर मिरचीची पूड येऊन बसली आणि अक्रोडात लाल ठिपके उमटले. मी ते पुसत आणि शिंकत बसले. संध्याकाळी घरात बैठक झाली. आईचं म्हणणं, उरलेल्याला चहाचा दाट काढा करून लावावा, रंग तोच येतो. अण्णांचं म्हणणं, थिनर घालून वाढवावा. दादा हळू आवाजात म्हणाला, दुसरा डबा आणला तर? अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्याने स्टोअरच्या कुलपाला हात घातला. एकदा मंजूर झालं की झालं, ते म्हणाले, त्यातच बसवायचं असतं. दादा भिंतीकडे वळून जेवायला लागला. आज तो सांगतो की त्याने त्या दिवशी अण्णांना सुनावलं. मी तिथेच होते. त्याने आमटी मागितली.

मंगळवारी अण्णांना युक्ती सुचली. मला ती युक्ती आजही इतकी पूर्ण वाटते की हसायला सुद्धा वेळ लागतो. आमच्याकडे हातांची एकच लाकडी खुर्ची होती, पाहुण्यांची. अण्णांनी ती खिडकीजवळ, जिथे पाहुण्यांना बसवायचं तिथे ठेवली आणि स्वतः तीत बसले. मला खडू दिला. ते खुर्चीतून बघणार, आणि दिसतं तिथपर्यंत मी पार्टिशनवर रेघ ओढणार. डावीकडे कपाटाच्या आड जे जातं ते सोडायचं. खाली ट्रंक ठेवायची, म्हणजे खालच्या फळ्या सोडायच्या. मधे गिरणीचं कॅलेंडर टांगायचं, त्यामागचं सोडायचं. वरचं किती, यावर थोडा खल झाला. बसणारी बाई उंच असली तर नजर वर जाणार. आईने आठवून सांगितलं की आत्या म्हणाली होती, मावशी बुटक्या आहेत. तेव्हा वरचंही थोडं कापलं. शैलासाठी शेजारून घडीची खुर्ची आणायची होती. तीही मांडून, तीत बसून, तिची वेगळी रेघ ओढली. असं करत करत पार्टिशनचा नकाशा तयार झाला, आणि उरलेल्या अर्ध्या लिटरात तो बरोबर बसला. अण्णांचा चेहरा उजळला. बघितलंस, ते मला म्हणाले, अंदाज बरोबरच होता.

मी विचारलं, आणि आतली बाजू?

"आत कोण जाणार आहे?" अण्णा म्हणाले.

आत मी जात होते, रोज. पण प्रश्न पाहुण्यांचा होता आणि मला तो तसाच समजला. मी रेघेच्या आतलं सगळं नीट रंगवलं. काम म्हणून ते चांगलं झालं होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. खुर्चीत बसलं की समोर गडद, गंभीर, मोठ्या लोकांचं लाकूड. खुर्चीतून उठून दोन पावलं डावीकडे गेलं की देवदार, परदेशी अक्षरं आणि छत्री.

रविवारी त्या येणार होत्या. शुक्रवारपासून घरात मासळी बंद, कारण वास. बांगड्याचा वास येऊ नये म्हणून आई दोन दिवस वालाची उसळ करत होती, आणि स्टेनच्या वासाने मात्र सगळ्यांची डोकी दुखत होती, त्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नव्हतं. आईने शेवयांची खीर केली आणि पोह्यांवर ओलं खोबरं असं पसरलं की खालचे पोहे दिसू नयेत. आमच्याकडे त्या आठवड्यात सगळंच वरून होत होतं. खिरीलाही अक्रोडाचा वास लागला. दादाने तीन वेळा शर्ट बदलला, दोनच असताना. आत्या सकाळीच येऊन बसली. अण्णा खुर्चीचे पाय खडूच्या खुणांवर आहेत ना ते वाकून बघत होते.

मावशी आल्या. खरंच बुटक्या होत्या. त्या सरळ खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या, समोर बघितलं, आणि म्हणाल्या, वा, पार्टिशन छान केलंय हो. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. इतका समाधानी माणूस मी त्यानंतर पाहिलेला नाही. त्यांनी घडीची खुर्ची पुढे सरकवली आणि शैलाला बसा म्हणाले.

शैला बसली नाही. दिवसभर ऑफिसात बसूनच असते, ती म्हणाली, उभी बरी आहे. अण्णांचा सगळा हिशेब पाहुणे बसतात यावर उभा होता. उभा राहणारा पाहुणा त्यांनी धरलाच नव्हता. ती खोलीत हळूहळू फिरायला लागली, खिडकीतून खाली बघितलं, ओट्यापाशी गेली, आईला नळाला पाणी किती वाजता येतं विचारलं, मला काय शिकतेस विचारलं. प्रत्येक पावलागणिक अण्णा तिच्या आणि पार्टिशनच्या मधे येत होते, कधी कॅलेंडरवरची तिथी दाखवायला, कधी ट्रंक जुनी पण मजबूत आहे हे सांगायला. दादा मोरीच्या दाराला टेकून उभा होता आणि त्याच्या तोंडावरचा रंग उतरत चालला होता. ती कपाटापाशी पोचली. डावीकडचं देवदार तिने बघितलं, छत्री बघितली, थोडी हसली. मग तिने दार ढकललं आणि आत गेली. कोणाला विचारलं नाही.

आत माझी खाट होती, वर चादर ताणून घातलेली. आम्हाला बाहेरून फक्त तिची चाहूल येत होती. मग एक बारीक आवाज आला, जीभ टाळ्याला लागते तसा, आणि ती उजव्या हाताचं बोट डाव्या हातात धरून बाहेर आली. फळीवरून हात फिरवला होता, कुसळ गेलं होतं.

मग जी धावपळ झाली ती मी विसरणार नाही. आई हळद घेऊन धावली, दादा चिमटा शोधायला लागला, चिमटा आमच्याकडे नव्हताच, अण्णा दिवा लावू का म्हणाले, भर दुपारी. मी ओट्याजवळ उभी राहून हे बघत होते. माझ्या दंडावर अजून काळा ठिपका होता. शैलाने आईकडे सुई मागितली, आता मात्र घडीच्या खुर्चीत बसली, आणि कोणाची मदत न घेता, घाई न करता कुसळ काढलं. ते सुईच्या टोकावर धरून तिने बघितलं आणि बशीच्या कडेला ठेवलं. मग समोरच्या रंगवलेल्या लाकडाकडे बघून म्हणाली, "हे आम्ही यायचं म्हणून ना?"

अण्णा म्हणाले, त्याचं काय झालं, डबा जरा कमी पडला.

"कमी पडला तर आधी आतून घ्यायचं ना, काका," ती म्हणाली. "बाहेरचे तासभर बसून जातात. आत राहणारं माणूस भिंतीला तोंड करून झोपतं." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी सहज: "तुला नाही लागत?"

मी दंड दाखवला. मला वाटतं, त्या खोलीत तो पहिल्यांदा कोणाला तरी दिसला. आईने तो आधी पाहिला होता, पण पाहणं आणि दिसणं यात आमच्या घरात बरंच अंतर होतं.

पोहे खाऊन त्या गेल्या. मावशींनी खीर मागून घेतली, शैलाने खोबऱ्याखालचे पोहे चांगले झालेत म्हणून सांगितलं, आणि हो किंवा नाही काहीच न बोलता दोघी जिना उतरल्या. दार लावल्यावर अण्णा म्हणाले, पोरगी आगाऊ आहे. आई म्हणाली, तुम्हाला काका म्हणाली ते बरं वाटलं. दादा खाटेवर जाऊन बसला, माझ्या, देवदारकडे तोंड करून, आणि या वेळी खरोखरच अपराध भिंतीचा होता. आत्याने पानाचा डबा उघडला, चुना लावला, पान दुमडलं, तोंडात टाकलं. मग आतल्या दादाकडे मान दाखवून अण्णांना म्हणाली, "अर्धी बायको आणतंस काय रे झिलाक? तुका तीच परवडात."

आत्याच्या बोलण्याला कात्री लावायची अण्णांची हिंमत नव्हती.

त्यावर दादा आतून बोलला. शूर वगैरे काही नाही, आवाज फळीवर आदळून परत आमच्याकडे येत होता. पण बोलला, आणि अण्णांशी नाही, माझ्याशी. "सगळं करायला किती लागेल गं?" त्याने विचारलं. "खरं सांग."

मी आठवडाभर ते फडकं हातात धरलं होतं. कोणती फळी किती पिते ते मला पाठ झालं होतं. मी आतली बाजू धरली, झडपांच्या पट्ट्या सुट्या धरल्या, बाहेरचं सोडलेलं धरलं, दुसरा हात धरला आणि सांगितलं, चार लिटर. वाढवून नाही, जेवढे लागतात तेवढे. त्या घरात एवढं सरळ कोणी कधी मागितलं नसावं, कारण सांगून झाल्यावर मलाच कसंतरी झालं. अण्णांनी सवयीने तोंड उघडलं. आत्याने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी तोंड मिटलं आणि कॅलेंडर भिंतीवर सरळ करायला उठले.

होकार यायला बरेच दिवस गेले. तो आला तेव्हा आत्याने मधे नेमकं काय सांगितलं होतं ते कधी कळलं नाही. वहिनीला विचारलं तर ती म्हणते, मी दादाला हो म्हटलं, पार्टिशनला नाही. तिने पुढे अण्णांच्या हाताखाली बारा वर्षं संसार केला, आणि त्यांच्याकडून लागेल तेवढं सामान मिळवणारी ती घरातली एकटीच. ती दुप्पट मागत नसे. लागतं तेवढं सांगायची आणि हात पुढे करून उभी राहायची. आम्हाला हे इतकी वर्षं सुचलं नव्हतं.

तर त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, होकार नाही की नकार नाही अशा अवस्थेत, दादा ऑफिसला उशीर करून माझ्याबरोबर दुकानात आला. दुकानदार अण्णांना ओळखत होता. चार लिटर म्हटल्यावर त्याने मनातल्या मनात आमचा रिवाज लावला आणि दोन डबे काढून ठेवले. मी म्हटलं, अजून दोन. घरी येऊन खाट ओढून बाजूला केली. झडपा वाट बघत होत्या, ट्रंकेमागचा भाग बाहेरून उघडा दिसत होता, आणि अण्णा चहा पीत खुर्चीतून बघत होते. मी काचपेपर घेतला, आत जाऊन दार लावलं आणि उशीजवळची फळी घासायला घेतली, तळहात सरळ फिरेपर्यंत. लग्न झालं तर मला बाहेर झोपायचं होतं, ओट्याकडे पाय करून. ते ठरलेलं होतं आणि बाहेरची बाजू बऱ्यापैकी रंगवून झालेलीही होती. तरी डबा उघडून पहिला हात मी त्या फळीलाच दिला, आणि ती पिईल तेवढा पिऊ दिला.